‘महिकावतीची बखर’ आणि उत्तर कोंकणांतील कुळें

कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं संपादून प्रसिद्ध केलेली ही बखर वसई-विरारकडील पुष्कळ घरांत आजही कुळाचा पुरावा म्हणून पुढें केली जाते. पूर्वज शोधणारास ती मोह घालते, कारण गोत्र, कुलदेवता, उपनांव सारें तींत आयतें सांपडतें. परंतु ती एकहातीं रचना नव्हे. निरनिराळ्या काळच्या लेखकांचीं प्रकरणें तींत एकत्र आलेलीं असून त्यांतील शक परस्परांशीं जुळत नाहींत.

राजवाड्यांची खरी कामगिरी या गुंत्यांत दिसते. ‘बिंब’ या एका नांवावर खपलेल्या हकीकतींतून त्यांनीं दोन पुरुष वेगळे काढले: शके १०६० च्या (इ. स. ११३८) सुमाराचा प्रतापबिंब आणि देवगिरीवर अल्लाउद्दिनाची स्वारी झाली त्या काळचा, शके १२१६ चा (इ. स. १२९४) बिंबदेव यादव. ‘आम्ही बिंबाबरोबर आलों’ एवढेंच ज्या घराण्यास ठाऊक, त्याच्या वंशावळींत येथें दीडशें वर्षांची, म्हणजे पांचसहा पिढ्यांची, तफावत पडते! मात्र बिघडलेल्या शकांची दुरुस्ती राजवाडे ज्या धिटाईनें करतात, ती आम्हांस सर्वत्र पटत नाहीं.

ख्रिस्ती घरांस तर बखर अर्ध्या वाटेवरच सोडते. १५३४ नंतरच्या पोर्तुगीज अमलांत बाप्तिस्मा घेणारास बहुधा धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव मिळे. त्यामुळें शेजारचे दोन परेरा परस्परांचे कोणीच नसतील, आणि एक परेरा व एक लोपीस मूळचे सख्खे भाऊबंद निघतील. तेथें आडनांव बाजूस ठेवून चर्चच्या नोंदवहींतील आईबापांचीं नांवें व गांव यांवरूनच मागें जावें लागतें.