वनौषधींचे प्राणिप्रयोग व त्यांची मराठी

परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आज नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. वनस्पती, जनावरे व शेतकरी वाचक यांचा असा निकट सहवास असलेल्या या जिल्ह्यात वनौषधींच्या प्राणिप्रयोगांविषयीचे मराठी लेखन केवळ कुतूहलाने वाचले जात नाही. त्यावरून काढेही उकळले जातात. म्हणून त्या लेखनाच्या भाषेची परीक्षा अप्रस्तुत ठरू नये.

या लेखनातील नमुनेदार वाक्य असे : 'गुळवेल यकृताचे रक्षण करते.' मूळ प्रयोग काय असतो? उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन त्यांच्या यकृतास मुद्दाम इजा करतात. त्यांतील काहींना आधी वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो. मग यकृताच्या ऊतीत मेदांचे ऑक्सिडीभवन किती झाले व कॅटलेजसारखी विकरे कितपत टिकली, हे मोजतात. म्हणजे ही एक घडून गेलेली, विशिष्ट घटना होय. तिच्यासाठी 'रक्षण झालेले आढळले' ही रचना मराठीत सिद्ध आहे. 'करते' हा साधा वर्तमानकाळ आपण 'सूर्य पूर्वेस उगवतो' अशा त्रिकालाबाधित विधानांसाठी योजतो. काळ बदलला की उंदीर नाहीसा होतो आणि त्याच्या जागी न सांगता माणूस येऊन बसतो.

उंदीर उरला, तरी अडचण संपत नाही. इंग्रजीतील 'रॅट' व 'माऊस' या दोन्ही प्राण्यांस आपले लेखक एकच शब्द वापरतात. शरीराच्या पृष्ठफळावरून मात्रेचे रूपांतर करताना रॅटच्या प्रतिकिलो मात्रेस सुमारे ६.२ ने, तर माऊसच्या मात्रेस १२.३ ने भागतात. प्रतिकिलो २०० मिलिग्रॅम ही मात्रा साठ किलोच्या माणसासाठी पहिल्या हिशेबाने सुमारे १.९ ग्रॅम होते, दुसऱ्याने जेमतेम १ ग्रॅम. आणि भागाकार न करता सरळ गुणाकार करणाऱ्या भाबड्या वाचकाच्या हाती १२ ग्रॅम येतात! शिवाय हे दोन्ही प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. माणसास ते अन्नातूनच मिळवावे लागते. ऑक्सिडीभवनाच्या प्रश्नात हा भेद क्षुल्लक कसा मानावा?

'प्रतिऑक्सिडीकारक' या शब्दातील 'प्रति' हा उपसर्गही वाचकास शत्रूच्या पारिपत्याचे आश्वासन देतो. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, याच वर्गातील बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला होता.

परंतु सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्या गुळवेलीचेच. प्राण्यांच्या यकृताचे रक्षण करणारी म्हणून जिची ख्याती झाली, तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो नावावर : वनस्पतीची ओळख पटविलेली नाही, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. आक्षेपाच्या खरेखोटेपणाचा निर्णय भाषाभ्यासकाने करावयाचा नाही. तथापि हाच आक्षेप स्तुतिपर लेखनासही तितकाच लागू पडतो, हे सांगणे त्याचे काम आहे. तेथे 'गुळवेल' म्हणजे कोणती जाती, खोड की पान, पाण्यातील अर्क की अल्कोहोलमधील, हे कोण विचारतो? 'अमृता' हे तिचे संस्कृत नाव एकदा उच्चारले की शंकेला वाव राहत नाही, असाच बहुतेकांचा समज दिसतो.

वस्तुतः वाक्य असे लिहिता येते : 'गुळवेलीच्या खोडाचा पाण्यातील अर्क प्रतिकिलो अमुक मिलिग्रॅम आधी पाजलेल्या रॅट जातीच्या उंदरांत, कार्बन टेट्राक्लोराइडने होणारी यकृताची इजा अर्क न पाजलेल्यांपेक्षा कमी आढळली.' ते लांबट आहे व मथळ्यात मावणार नाही, हे खरे. पण त्यात एकही पारिभाषिक शब्द नवा घडवावा लागलेला नाही.