हृदयचित्रणातील प्रारणमात्रा : एका घटत्या आकड्याचा अर्थ

हृद्‌रोहिण्यांच्या सीटी चित्रणात रुग्णाच्या वाट्यास येणाऱ्या प्रारणाची मोजदाद 'प्रोटेक्शन' नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत झाली आहे. त्यांपैकी २००७ आणि २०१७ या सालांच्या दोन पाहण्यांची तुलना येथे विचारार्थ घेतली आहे. या दहा वर्षांत मात्रेचा मध्यक ८८५ वरून १९५ मिलिग्रे-सेंटिमीटरवर आला. म्हणजे ७८ टक्क्यांनी घटला. १०० किलोव्होल्ट वा त्याहून कमी विद्युद्दाबाचा वापर ५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेला. हृदयाच्या आवर्तनातील नेमक्या क्षणीच किरण सोडण्याची पद्धतही रुळली. निदानास निरुपयोगी ठरणाऱ्या चित्रांचे प्रमाण मात्र वाढले नाही. हे यश निर्विवाद होय.

आक्षेप आहे तो निवेदनाच्या भाषेवर. 'मात्रा' म्हणताच रुग्णाच्या देहात मुरलेले प्रमाण, असा अर्थ वाचक घेतो. वस्तुतः वरील आकडा यंत्राच्या उत्सर्जनाचा असून त्याचे मूळ प्लॅस्टिकच्या नळकांड्यातील मापनात आहे. देहावरील परिणामाकडे जाण्यास त्याला गुणकाने गुणावे लागते. छातीसाठी रूढ असलेला ०.०१४ हा गुणक घेतल्यास १९५ चे २.७ मिलिसिव्हर्ट होतात. हृदयासाठी सुचविलेला ०.०२६ घेतल्यास ५.१. घटीची टक्केवारी अबाधित राहते, परंतु उरलेली मात्रा जवळजवळ दुप्पट ठरते. गुणक न सांगता दिलेला आकडा हे अपुरे वाक्यच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप मध्यकावर. २०१७ मध्ये निरनिराळ्या रुग्णालयांचे मध्यक ५७ पासून २०९० पर्यंत, म्हणजे सुमारे ३७ पटींच्या अंतराने विखुरलेले होते. शेवटच्या रुग्णालयातील रुग्णास '७८ टक्के घट' या शब्दांचा काय उपयोग? त्याच्या रुग्णालयाचा मध्यक दहा वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण मध्यकाच्या दुपटीहून अधिक होता.

मराठीत आणखी एक घोटाळा होतो. विश्वकोशाने 'प्रारण' आणि 'किरणोत्सर्ग' यांत भेद केला आहे. वृत्तपत्रे दोहोंस 'किरणोत्सर्ग'च म्हणतात. सीटी यंत्र बंद होताच क्ष-किरण संपतात, देहात काही उरत नाही. टेक्नेशियम टोचून केलेल्या हृदयचित्रणात मात्र किरणोत्सर्गी द्रव्य काही काळ शरीरात खरोखरच असते. एकाच शब्दाने पहिल्या रुग्णास नाहक भीती वाटते आणि दुसऱ्यास आवश्यक ती सूचना स्पष्ट कळत नाही.

यास्तव रुग्णाच्या संमतिपत्रात चित्रणाचा प्रकार, त्या रुग्णालयाचा स्वतःचा मध्यक आणि वापरलेला गुणक, हे तिन्ही नोंदविले जावेत. मात्रा घटविण्याचे काम तंत्रज्ञांनी केले आहे. ती घट प्रत्येक रुग्णापर्यंत पोचली की नाही, हे विचारता येईल अशी भाषा त्यास देणे अद्याप बाकी आहे.