प्रायश्चित्त कोणी द्यायचं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, नियमशास्त्र की कृपा हा पौलाचा वाद, त्याचा जालन्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जेवणाच्या पानावरून आहे.

1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे 12, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. पण मिशनऱ्यांच्या घरी तो राहिला होता, जेवला होता. तेवढं जातीला पुरलं. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी मांडली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली.

ही गोष्ट आपल्याकडे सुधारक बाळशास्त्रींची म्हणून सांगतात. त्यांचं धैर्य मोठंच होतं. तरी आम्हाला हे वाचन अपुरं वाटतं. दोष लागला आहे, हे दोन्ही पक्षांना मान्यच होतं. भांडण होतं ते दोष फिटतो की नाही याचं. त्या पोराला कोणी काही विचारलं का?

आता गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. तिथेही पंगतच आहे. अंत्युखियात पेत्र यहूदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा घाबरून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत टोकलं. कृपेचा जो सिद्धांत आपण इतक्या जड शब्दांत शिकतो, त्याच्या मागे हे पानावरून उठणं आहे. मराठी ख्रिस्ती लोक ख्रिस्ताच्या मरणाला ‘प्रायश्चित्त’च म्हणतात. शब्द धर्मशास्त्राचा, कर्ता मात्र बदलला. दोषी माणसाने द्यायचं ते देवाने दिलं. नारायणरावांच्या कानाला हा शब्द कसा लागत असेल!

पुढे ते जालन्याला आले. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती वस्ती उभारली, बेथेल. अस्पृश्य मानलेल्या मांग आणि महार समाजांत त्यांचं काम होतं. बेथेल म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीच्या पुस्तकात हे नाव याकोब देतो, बापाला फसवून, भावाच्या भीतीने पळताना. ना माफी मागितली, ना काही फेडलं. डोक्याखाली दगड घेऊन झोपला, आणि तिथेच त्याला वचन मिळालं.

इथे थांबलो तर प्रवचन होईल. वस्ती म्हटली की नियम आले. मिशनच्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याआधी पारख व्हायची, मोठी चूक झाली तर प्रभुभोजन बंद. पुन्हा पंगतच की! शिस्त नको, असं आम्ही म्हणत नाही; कृपा आहे तर मग पाप करायला हरकत काय, हा आक्षेप पौलालाही खोडावा लागला होता. पण ज्याचं पान गावात कधी मांडलंच गेलं नाही, त्याला प्रभूच्या मेजावरूनही उठवायचं, तर ते कोणी आणि कुठल्या अधिकाराने? मराठी ख्रिस्ती लेखनात कृपेवर पुष्कळ लिहिलं गेलं; हा प्रश्न मात्र आम्हाला तिथे फार कमी भेटतो.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.