ग्रीक वैद्यकाची खरी कमाई

आधी देव आणि नवससायास होते, मग हिपोक्रेटिस आला आणि विज्ञान सुरू झाले, अशी ग्रीक वैद्यकाची कथा सांगितली जाते. पुराव्यापुढे ती टिकत नाही. ‘पवित्र रोगाविषयी’ हा ग्रंथ अपस्माराला दैवी कोप न मानता त्याचा संबंध मेंदू आणि कफ यांच्याशी जोडतो, हे खरे. पण इ.स.पू. चौथ्या शतकात एपिडॉरस येथे आरोग्यदेव अस्क्लेपिओसचे मंदिर भरभराटीला आले होते, आणि हिपोक्रेटिसच्या कॉस बेटावर त्याच देवाचे मोठे देवस्थान उभे राहिले ते हिपोक्रेटिसनंतर. शिवाय त्याच्या नावावरचे सुमारे ६० ग्रंथ अनेक हातांनी लिहिलेले आहेत. वैद्याने देवाला हटवले नाही. दोघेही शेजारी नांदले.

मग नवे काय घडले? एपिडॉरसच्या शिलालेखांत देवळात झोपून स्वप्नात उपचार मिळालेल्या भक्तांच्या सुमारे ७० कथा कोरल्या आहेत. तिथे आंधळ्यांना दिसू लागते, पांगळे चालू लागतात. रिकाम्या हाताने परतलेल्यांचा हिशेब जवळजवळ नाहीच. उलट ‘साथी’ या हिपोक्रेटीय ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागांत ४२ रुग्णांचे वृत्तान्त आहेत. ताप, लघवी, झोप, बरळणे यांची दिवसागणिक नोंद आहे आणि त्यांतले २५ जण दगावतात. ना पदवी, ना परवाना, नुसत्या नावलौकिकावर पोट भरणाऱ्या वैद्यांच्या परंपरेने आपले अपयश लिहून ठेवावे, ही ग्रीकांची खरी कमाई होय.

यावर आक्षेप असा की या नोंदींनी किती रुग्ण वाचवले? ज्यांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून मानले जाई ते रक्त, कफ, पिवळे आणि काळे पित्त हे चार द्रवही देवाइतकेच कल्पित नव्हते का? उपचारांपुरता हा आक्षेप मान्य करावाच लागतो. पण देवाच्या स्वप्नाशी वाद घालता येत नाही, वैद्याच्या मताशी येतो. ‘प्राचीन वैद्यक’ हा ग्रंथ रोगांचे मूळ उष्ण-शीत अशा गृहीतकांत शोधणाऱ्यांवर तुटून पडतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या वैद्याने मानवी शवविच्छेदन करून, बुद्धीचे स्थान हृदय मानणाऱ्या ॲरिस्टॉटलविरुद्ध मेंदूची बाजू घेतली. पुढे वैद्यांच्याच अनुभववादी पंथाने विच्छेदनाचीच उपयुक्तता नाकारली.

तरीही हा वाद निकाली निघाला नाही, कारण चार द्रवांच्या सिद्धान्ताला रुग्ण बरा झाला तरी कारण सापडे आणि मेला तरी सापडे. इ.स. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने माकडे, डुकरे चिरून स्वतः पडताळणी केली. पण त्याने रचलेली व्यवस्था इतकी भरीव ठरली की पुढच्या पिढ्यांनी शरीराऐवजी गॅलेनच वाचला. माणसाच्या शरीररचनेविषयी त्याच्या चुका सविस्तर दाखवणारा व्हेसॅलियसचा ग्रंथ १५४३ मध्ये आला. अपयश नोंदवण्याचे धैर्य ग्रीकांकडे होते. कोणते अपयश सिद्धान्ताला खोटे ठरवील, हे आधी सांगण्याची शिस्त मात्र त्यांच्याकडे नव्हती, आणि तिच्यावाचून प्रामाणिक नोंदसुद्धा चुकीच्या मताची चाकरी करत राहिली.