अंकीय ‘डेव्हिड’ : मोजलेले आणि भरलेले
(त्रिमितीय आकारांच्या गणिती प्रक्रियेची एक चिकित्सा)

बीजसंज्ञा : त्रिमितीय आकार, त्रिकोणजाळी, छिद्रपूरण, लाप्लास कारक, विश्वासार्हता

१) प्रस्तावना :
मायकेलएंजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडविलेला ‘डेव्हिड’ हा संगमरवरी पुतळा फ्लॉरेन्सच्या अकादेमिया कलादालनात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९ या शैक्षणिक वर्षात ‘डिजिटल मायकेलएंजेलो’ प्रकल्पांतर्गत या पुतळ्याचे लेसरच्या साहाय्याने मोजमाप झाले. कलेतिहासाच्या ग्रंथांत पुतळ्याची उंची ४३४ सें.मी. दिली जात होती; मोजमापात ती, चौथरा वगळून, ५१७ सें.मी. भरली. परिणामी यंत्राचा मनोरा अपुरा पडला व तो जागेवरच वाढवावा लागला. छापील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मोजमाप श्रेष्ठ, हा या प्रकल्पाने दिलेला पहिला धडा होय. मात्र अशा मोजमापातून जी अंकीय प्रतिकृती सिद्ध होते, ती सर्वांशाने मोजलेली असते काय, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. प्रस्तुत लेखात या प्रतिकृतीमागील गणिती पद्धतींचा याच दृष्टीने विचार केला आहे.

२) बिंदूंपासून पृष्ठभागापर्यंत :
लेसरची रेषा पुतळ्यावर पडते, ठराविक अंतरावरील कॅमेरा ती टिपतो आणि त्रिकोणाच्या नियमाने प्रत्येक बिंदूचे स्थान निश्चित होते. एका वेळी पुतळ्याचा एक लहान तुकडा हाती लागतो. ‘डेव्हिड’साठी असे ४८० तुकडे टिपले गेले, त्यांतून सुमारे २०० कोटी बहुभुजांची सामग्री जमली, शिवाय ७,००० रंगीत छायाचित्रे वेगळीच.

हे तुकडे एकसंध करण्यासाठी ब्रायन कर्लेस व लेव्हॉय यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत उपयोगी पडली. या पद्धतीत अवकाशाचे लहान घनाकार कप्पे पाडले जातात. प्रत्येक कप्प्यात पृष्ठभागापासूनचे धन वा ऋण अंतर नोंदवून निरनिराळ्या तुकड्यांतील अंतरांची भारित सरासरी काढली जाते. जेथे ही सरासरी शून्य होते, तेथे पृष्ठभाग आहे असे मानले जाते. या पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. सरासरीमुळे यादृच्छिक त्रुटी कमी होतात. परंतु संगमरवर हा किंचित पारभासी दगड आहे. प्रकाश त्याच्या आत शिरून विखुरतो व मोजमापात एकाच दिशेची चूक निर्माण करतो. अशी चूक कितीही वेळा सरासरी काढली तरी नाहीशी होत नाही. म्हणजे प्रतिकृतीची सूक्ष्मता व तिची सत्यता या दोन भिन्न बाबी ठरतात.

या पद्धतीचा आणखी एक विशेष येथे महत्त्वाचा आहे. कप्प्यांचे तीन प्रकार तीत मानले आहेत : पृष्ठभागाजवळचे, रिकामे असल्याचे दिसलेले आणि मुळीच न दिसलेले. ‘येथे काही नाही’ आणि ‘येथे काय आहे हे पाहिलेले नाही’ यांतील भेद गणितानेच जपला आहे. पुढील टप्प्यांवर हा भेद टिकतो का, हाच कळीचा मुद्दा आहे.

३) छिद्रपूरण :
बिंदूची नोंद होण्यासाठी तो लेसर व कॅमेरा या दोघांनाही दिसावा लागतो. केसांच्या कुरळ्या बटांमधील खोलगट जागी हे साधत नाही आणि जाळीत छिद्रे राहतात. ती बुजविण्यासाठी २००२ मध्ये डेव्हिस, मार्शनर, गार व लेव्हॉय यांनी विसरणाची पद्धत सुचविली. पाण्यात शाई पसरावी त्याप्रमाणे छिद्राच्या काठावरील अंतरमूल्ये आत पसरू दिली जातात व त्यातून बंद पृष्ठभाग मिळतो. काझदान, बोलिथो व हॉप यांची २००६ मधील पद्धत प्वासाँ समीकरणाच्या आधारे सर्व बिंदूंवरून एकदमच बंद पृष्ठभाग काढते. तीत छिद्र असे उरतच नाही.

गणिती दृष्ट्या या पद्धती सुंदर आहेत. तथापि, त्या ज्या निकषावर जागा भरतात तो सलगतेचा निकष आहे. शिल्पकाराच्या छिन्नीने तो निकष पाळला होता, असे मानण्यास कोणताही आधार नाही. छिद्र नसणे हे येथे ज्ञानाचे लक्षण ठरत नाही. उलट अज्ञान कोठे होते याची खूण त्यामुळे पुसली जाते.

४) सफाई आणि निवड :
पृष्ठभागावरील खडबडीतपणा काढण्यासाठी प्रत्येक शिरोबिंदू शेजारच्या बिंदूंच्या सरासरीकडे सरकविला जातो. याच्या मुळाशी लाप्लास कारक आहे. ही क्रिया वारंवार केल्यास आकार आक्रसतो, म्हणून ताउबिन यांनी १९९५ मध्ये संकोच व प्रसरण आळीपाळीने करण्याचा उपाय दिला. परंतु यंत्राचा गोंगाट कोणता व छिन्नीचा ओरखडा कोणता हे या कारकाला कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी सारखेच सूक्ष्म चढउतार होत. ‘डेव्हिड’च्या मोजमापात छिन्नीच्या खुणा टिपणे हे तर एक मुख्य उद्दिष्ट होते.

वार्डेत्स्की व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सिद्ध केले की सममिती, स्थानिकता, रेषीय अचूकता व धन भार हे चारही गुण असलेला लाप्लास कारक सर्वसाधारण त्रिकोणजाळीवर मिळू शकत नाही. तात्पर्य, कोणता तरी गुण सोडावाच लागतो. सफाई ही यांत्रिक बाब नसून ती एक निवड आहे, आणि निवडीची नोंद व्हावयास हवी.

५) नोंद कोठे हरवते? :
स्टॅनफर्डमध्येच १९९४ मध्ये तयार झालेल्या सुप्रसिद्ध सशाच्या प्रतिकृतीची ‘पीएलवाय’ धारिका या संदर्भात बोलकी आहे. तिच्यात प्रत्येक शिरोबिंदूच्या तीन सहनिर्देशकांबरोबर विश्वासार्हतेचा एक आकडाही साठविलेला आहे. याउलट त्रिमितीय मुद्रणासाठी रूढ झालेल्या ‘एसटीएल’ धारिकेच्या मूळ रचनेत केवळ त्रिकोण व त्यांचे लंब यांनाच जागा आहे. मोजलेला त्रिकोण व भरलेला त्रिकोण तेथे सारखेच दिसतात. गणिताने जपलेला भेद अशा रीतीने साठवणुकीच्या सोयीत लोपतो.

बंद पृष्ठभागाची गरज खरी आहे, हे मान्य करावयास हवे. छिद्र असलेल्या जाळीवरून घनफळ काढता येत नाही आणि मुद्रणही नीट होत नाही. त्यामुळे आक्षेप छिद्र भरण्यास नाही, तर ते भरल्याचे न सांगण्यास आहे. जीर्ण हस्तलिखिताचा संपादक गळलेली अक्षरे स्वतः पुरवितो, पण ती कंसात ठेवतो. त्रिमितीय प्रतिकृतीलाही असा कंस हवा.

६) निष्कर्ष :
१. अंकीय प्रतिकृती ही मोजमाप व अनुमान यांचे मिश्रण असते. बहुभुजांची संख्या हा तिच्या सत्यतेचा पुरावा नव्हे.
२. न पाहिलेल्या जागेचा भेद १९९६ च्या पद्धतीतच उपलब्ध आहे. तो अंतिम धारिकेपर्यंत नेणे शक्य आहे व आवश्यकही आहे.
३. ज्या दिवशी मूळ वस्तूस इजा पोहोचेल, त्या दिवशी दुरुस्तीसाठी हीच प्रतिकृती साक्षीदार ठरेल. तिने काय पाहिले व काय कल्पिले हे तिला तेव्हा सांगता आले पाहिजे. अन्यथा ४३४ सें.मी.च्या छापील आकड्याची जागा दुसरा, अधिक देखणा प्रमाद घेईल.