दोन भक्तिचित्रे आणि दुरुस्तीचा धडा

पहूरहून वाकोदमार्गे फर्दापूरला जाणाऱ्या रस्त्याने अजिंठ्याकडे शाळांच्या सहली जातात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, ही चित्रे इतकी पिवळट का?’ उत्तर देण्याआधी स्पेनमधले ख्रिस्ताचे एक चित्र पाहू. तिथे हाच प्रश्न ठळकपणे दिसतो.

बोर्हा या गावातील चर्चच्या भिंतीवर एलियास गार्सिया मार्तिनेझ या चित्रकाराने १९३० च्या सुमारास काटेरी मुकुट घातलेला ख्रिस्त रंगवला. अशा चित्राला ‘एक्के होमो’ (हा पाहा तो मनुष्य) म्हणतात. कलाकृती म्हणून ती सामान्यच. बेतणी सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार ग्विदो रेनी याच्या वळणाची, आणि काम अवघ्या दोन तासांचे. तरीही वर वळलेल्या डोळ्यांत आर्तता होती, ती पापणीजवळच्या हलक्या छटांमुळे.

दोष होता तंत्रात. ओल्या चुन्यावर रंगवले, तर चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यात पक्के बसतात. इथे मात्र तैलरंग थेट भिंतीवर लावला होता. दमट भिंतीतील ओल बाहेर येऊ लागली की तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या थरामागे स्फटिकरूप होतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. २०१२ मध्ये एका वृद्ध भाविक महिलेने चांगल्या हेतूने वरून नवा रंग चढवला. छटा बुजल्या, चेहरा ओळखू येईना. जगभर हसू झाले.

पण आपण हसण्याआधी अजिंठ्याकडे वळू. पाचव्या शतकातील पद्मपाणीची योग्यता कितीतरी मोठी. बोर्ह्याच्या ख्रिस्ताची नजर वर, तर पद्मपाणीची खाली. मात्र इथेही सारा करुणभाव पापणीच्या बारीक रेषेवर आणि गालावरच्या छायेवर तोललेला आहे. माती, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठावर, डिंकासारख्या बंधकात कालवून गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द वापरला आहे. म्हणून हे रंग ओल्या चुन्यात मुरलेले नाहीत; पाणी लागले तरी धोका.

एकोणिसाव्या शतकात नकला करताना चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पक्का केला. हे त्यांचे मोठे उपकार. पण त्यांनी वर लाखेचा थरही दिला. लाख जुनी झाली की पिवळी पडते आणि स्पिरिटमध्येही सहज विरघळत नाही. पिवळा थर निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे खालचा निळा रंग हिरवट भासतो. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे हे थर तसूतसूने काढावे लागले.

म्हणून जुन्या चित्राचे मोल करताना मूळ हात कोणता आणि नंतरचे हात कोणते, हे आधी वेगळे करावे. दुरुस्ती पुन्हा काढता येईल अशीच असावी. वर्गात निळ्या कागदावर पिवळा जिलेटीन कागद धरून दाखवा. पद्मपाणी पिवळट का, हे मुलेच सांगतील.