मराठी प्रवासलेखनातील दूरदेशाचे दिवास्वप्न : पोटासाठीच्या प्रवासाच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा मराठी गद्यातील लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. या प्रकाराची चर्चा करताना आपले समीक्षक साधारणतः स्थळवर्णन, निसर्गचित्रण, व्यक्तिदर्शन, विनोद आणि भाषाशैली या अंगांनी विचार करतात. प्रवासाला निघण्यापूर्वी प्रवाशाच्या मनात त्या दूरस्थ स्थळाचे जे चित्र असते, त्या दिवास्वप्नाचा विचार मात्र फारसा होत नाही. हे स्वप्न कोण पाहतो, कशाच्या आधारे पाहतो आणि ते पाहण्याची मोकळीक कोणाला असते, हे प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात काही निवडक साहित्यकृतींच्या आधारे या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या प्रश्नांची निकड वर्गात जाणवली. पिंपरी-चिंचवड परिसरात मराठीचे अध्यापन करताना ‘माझा प्रवास’ या विषयावर लिहावयास सांगितले की अनेक विद्यार्थी ‘मी कुठेच गेलेलो नाही’ असे सांगतात. वस्तुतः त्यांतील कित्येकांची कुटुंबे मराठवाडा, विदर्भ वा खानदेशातून येथे आलेली असतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे हा पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. या साऱ्या वाढीचा पाया माणसांच्या स्थलांतरावर उभा आहे. तरीही येथील विद्यार्थ्याला आपले येणे हा ‘प्रवास’ वाटत नाही. ही समजूत त्याने कोठून घेतली, याचे उत्तर काही अंशी आपल्या अध्यापनात आणि समीक्षेत सापडते.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’

मराठी प्रवासलेखनाच्या आरंभकाळातील महत्त्वाची कृती म्हणून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा उल्लेख होतो. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले. बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल आणि कुटुंबाचे दारिद्र्य फिटेल, ही त्यामागील आशा होती. वाटेत त्यांना १८५७ च्या उठावाने गाठले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते त्या शहरात होते. मिळवलेले द्रव्य लुटले गेले आणि ते गंगोदकाची कावड घेऊन घरी परतले. चिंतामण विनायक वैद्य यांनी हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध केला.

हा ग्रंथ आपण प्रामुख्याने उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून वाचतो. तो तसा आहेच. परंतु मुळात तो पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा प्रवास आहे. दूरदेशी गेल्यास घरचे दैन्य संपेल, हे गोडसे यांचे दिवास्वप्न आणि बीड वा लातूरहून चाकणला येणाऱ्या तरुणाचे दिवास्वप्न यांची जात एकच आहे. आपल्या प्रवासलेखनाच्या आरंभी उपजीविकेचा प्रवास उभा असताना पुढे तो ‘प्रवास’ या संज्ञेतून गळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘अपूर्वाई’ आणि ‘माझा रशियाचा प्रवास’

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन कृती येथे शेजारी ठेवून पाहता येतील. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. काळ जवळपास एकच. परंतु दोन्ही स्वप्नांची घडण वेगळी आहे.

पु. लं.च्या पिढीतील सुशिक्षित मध्यमवर्गाला इंग्लंड शालेय पुस्तकांतून आणि इंग्रजी साहित्यातून आधीच भेटलेले होते. त्यामुळे ‘अपूर्वाई’तील विनोद हा बव्हंशी ऐकीव इंग्लंड आणि पाहिलेले इंग्लंड यांच्यातील अंतरातून निर्माण होतो. लेखक स्वतःच्या वर्गाच्या अप्रूपाला हसतो, हे या ग्रंथाचे निर्विवाद सामर्थ्य आहे. पु. ल. देखील कामाच्या निमित्तानेच गेले होते, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. म्हणून ‘हौसेचा प्रवास’ विरुद्ध ‘कामाचा प्रवास’ अशी ढोबळ विभागणी पुरेशी नाही. खरा भेद परतीच्या शाश्वतीचा आहे. ‘अपूर्वाई’च्या प्रवाशाचे घर त्याची वाट पाहत उभे असते.

अण्णाभाऊंची गोष्ट निराळी आहे. वाटेगावहून बालपणी कुटुंबासह पायी मुंबईला येणे, हा त्यांचा पहिला मोठा प्रवास. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले. रशिया त्यांना भेटला तो कामगार चळवळीतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तेव्हा ते शहर त्यांनी पाहिलेले नव्हते. न पाहिलेल्या शहराचा पोवाडा गाणे, याहून उत्कट दिवास्वप्न कोणते असू शकेल? मात्र या स्वप्नाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे श्रमिकाला प्रतिष्ठा आहे अशी भूमी पाहण्याची ओढ इतकी प्रबळ आहे, की सोव्हिएत व्यवस्थेतील दडपशाहीकडे लेखकाची दृष्टी फारशी वळत नाही. स्वप्न पाहायला शिकवते तसेच ते काही गोष्टी झाकूनही ठेवते. हा निकष दोन्ही ग्रंथांना लावला, तरच तुलना न्याय्य ठरेल.

दूरदेश म्हणजे घर

दिवास्वप्नाचा आणखी एक प्रकार आहे. ‘मेघदूता’तील यक्ष हा कुबेराचा सेवक. कामात कसूर झाल्याने त्याला वर्षभर रामगिरीवर राहावे लागते. वा. वि. मिराशी यांनी हे स्थळ विदर्भातील रामटेक असल्याचे प्रतिपादन केले आहे. यक्ष जागचा हलत नाही. तो मेघाला अलकेची वाट सांगतो. येथे स्वप्नातील दूरस्थ स्थळ हे परके नगर नसून स्वतःचे घर आहे. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतील मुंबईकर श्रमिकाची अवस्था याच जातीची आहे. शृंगाराच्या शास्त्रात पहिल्याला विप्रलंभ म्हटले जाते; दुसऱ्याला मात्र आपण केवळ चळवळीचे गीत म्हणून बाजूला ठेवतो.

चाकण परिसरात कॉट बेसिसवर राहणारा, रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारा तरुण कामगार याच परंपरेत बसतो. त्याचे दिवास्वप्न दुहेरी आहे : एक डोळा गावाकडच्या घरावर, तर दुसरा परदेशी नोकरीवर. या दुहेरी ओढीचे पुरेसे चित्रण मराठी प्रवासलेखनात अद्याप यावयाचे आहे.

निष्कर्ष

१. प्रवासवर्णनाच्या समीक्षेत प्रत्यक्ष स्थळाइतकेच प्रवासपूर्व दिवास्वप्नाला महत्त्व दिले पाहिजे. कारण त्यातून लेखकाचे सामाजिक स्थान व्यक्त होते.

२. ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ इतिहासाचे साधन म्हणून वाचतानाच उपजीविकेच्या प्रवासाचे लेखन म्हणूनही शिकवला जावा.

३. ‘अपूर्वाई’ आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ यांचे अध्यापन एकत्र व्हावे. त्यामुळे कोणत्याही एका ग्रंथाचे महत्त्व कमी होणार नाही. दोहोंच्या दृष्टीच्या सीमा मात्र स्पष्ट होतील.

४. ‘प्रवास’ या संज्ञेची व्याप्ती स्थलांतरापर्यंत वाढवली, तर औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्याला स्वतःचा अनुभव लेखनयोग्य वाटू लागेल. आई-वडिलांनी गाव सोडला तो दिवस, सोबत आणलेले सामान आणि पहिली भाड्याची खोली यांची नोंद आज झाली नाही, तर ती पिढी सरल्यावर ती करण्यासाठी सांगणारे कोणी उरणार नाही.